वादी म्हणजे नक्की काय? कोरडी दरी, ओढा, घळ की नदी

प्रश्न असा आहे की स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये 'वाडी: वाळवंटातील कोरडी दरी' एवढी एकच ओळ दिलीये, आणि विचारणाऱ्याचा भाऊ मस्कतला नोकरीला लागलाय, तो दर शुक्रवारी 'वादी'त पोहतानाचे फोटो पाठवतो, हिरवंगार पाणी, कडेला खजुराची झाडं. मग कोरडी ती कुठली? आणि चंबळच्या घळी, त्यापण वादीच का?

मी भूजल आणि पुराच्या पाण्याचा निचरा या कामात बरीच वर्षं ओमानमध्ये काढलीत, त्यामुळे उत्तर जरा लांबणार, घाईत असाल तर पुढचा एक परिच्छेद वाचून सोडून द्या.

वादी म्हणजे कोरड्या प्रदेशातली अशी नदी जी फक्त पाऊस पडल्यावर वाहते, आणि त्या नदीने कोरलेली दरी, तिचं पात्र, पात्रातली खडी-वाळू, हे सगळं मिळून वादी. वर्षातले बहुतेक दिवस वरून कोरडी दिसते म्हणून पुस्तकात 'कोरडी दरी' लिहितात. चूक नाहीये ते, पण अर्धंच आहे. वादीत या क्षणी पाणी दिसतंय का यावर ती वादी ठरत नाही. डोंगरातलं पाणी कुठून गोळा होतं आणि कुठल्या वाटेने खाली येतं यावर ठरते. परीक्षेत 'अधूनमधून वाहणारे शुष्क प्रदेशातील नदीपात्र' असं लिहा, मार्क जाणार नाहीत. आणि उच्चार वादी असा, द चा. वाडी हे इंग्रजी स्पेलिंग वाचून आलंय.

आता सविस्तर.

अरबीत वादी म्हणजे दरीपण आणि तिच्यातून वाहणारं पाणीपण. ओमानमध्ये लोक 'वादी उतरली' असं म्हणतात, म्हणजे डोंगरात पाऊस झाला आणि पाणी खाली आलं. तिथे राहिलेले आपले लोकसुद्धा वर्षभरात तसंच बोलायला लागतात, 'ऑफिसला उशीर झाला, वादी आली होती रस्त्यावर'. हाच शब्द अल्जेरिया-ट्युनिशिया-मोरोक्कोत फ्रेंच स्पेलिंगमधून 'उएद' होतो, आणि स्पेनमध्ये अरबांच्या राजवटीतून राहिलेल्या नावांमध्ये 'ग्वाद' होऊन बसलाय. ग्वादलक्विविर म्हणजे अल वादी अल कबीर, मोठी वादी. आता ग्वादलक्विविर ही बारमाही नदी आहे, सेव्हिलपर्यंत जहाजं येतात तिच्यातून, तेव्हा कोरडेपणा हा शब्दाच्या मूळ अर्थात नव्हताच, तो भूगोलाच्या पुस्तकांनी चिकटवला. अमेरिकेच्या नैऋत्य भागात आणि मेक्सिकोत अशाच पात्राला अरोयो म्हणतात, इस्राएलमध्ये नहाल. प्रकार तोच.

पहिल्यांदा वादी बघणाऱ्याला जो प्रश्न हमखास पडतो तो म्हणजे पाऊसच नाही तर एवढी मोठी पात्रं आली कुठून. मस्कतला वर्षाला सरासरी 100 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, महाबळेश्वरला जुलैत एका दिवसात एवढा पडला तर तिथला दुकानदार मान वर करून बघणारसुद्धा नाही. आणि तरी ओमानमधल्या हजर नावाच्या पर्वतरांगेतून बाहेर पडणाऱ्या वाद्या काही ठिकाणी कृष्णेपेक्षा रुंद दिसतात. यातलं बरंचसं काम आजच्या पावसाचं नाहीये. अरबस्तान आणि सहारा दोन्हीकडे गेल्या लाखो वर्षांत अधूनमधून ओलसर काळ येऊन गेलेत, शेवटचा तर अगदी अलीकडचा, साधारण 11000 ते 5000 वर्षांपूर्वीचा, तेव्हा सहाराच्या आज वैराण असलेल्या भागात तळी होती, पाणघोडे होते. सुदानमधली वादी होवर तेव्हा नाईलला मिळणारी नदी होती. या अशा काळांत दऱ्या कोरल्या गेल्या, डोंगरातून खडी वाहून आली आणि पायथ्याशी पंख्यासारखी पसरली. आजचा पाऊस त्या जुन्या पात्रांत राहायला आलेला भाडेकरू आहे. एक सावधगिरीची सूचना मात्र, यावरून 'म्हणजे आता पाणी येत नाही' असा अर्थ काढू नका, भाडेकरू कधीकधी फार दंगा करतो.

तो दंगा कसा होतो ते समजून घेतलं की वादी समजली. आपल्या डोक्यात पाऊस म्हणजे चार महिन्यांचा, जमीन भिजते, मग ओढे वाहतात, मग नदी चढते, गणित हळूहळू चालतं. ओमानच्या डोंगरात उघडा खडक आहे, चुनखडक नाहीतर ऑफिओलाइट (म्हणजे समुद्राच्या तळाचा खडक, जो वर येऊन डोंगर झालाय, सामाईलचा ऑफिओलाइट बघायला जगभरातून जिऑलॉजिस्ट येतात), वर माती जवळजवळ नाहीच, झाडोरा नाही, आणि जिथे थोडी माती आहे तिथे पहिल्या सरीच्या थेंबांनीच वरची पापडी घट्ट बसते, पाणी मुरायला जागा राहत नाही. त्यामुळे पडलं ते सगळं घसरत खाली. समजा 50 चौरस किलोमीटरचं छोटं पाणलोट आहे, 40 मिलिमीटर पाऊस तासाभरात झाला आणि त्यातला निम्मा वाहून आला. आकडा येतो 10 लाख घनमीटर. हे दोन तासांत एका अरुंद तोंडातून बाहेर पडलं तर सरासरी जवळजवळ 5000 क्युसेक. पुण्यातल्या लोकांना खडकवासल्याच्या विसर्गाचे आकडे पाठ असतात, त्यांनी कल्पना करावी, की मुठेला 5000 क्युसेक सोडलेत पण भोंगा नाही, मेसेज नाही, आणि एका मिनिटापूर्वी पात्र पूर्ण कोरडं होतं. आणि सरासरी 5000 म्हणजे ऐन जोराच्या वेळी त्याच्या बऱ्यापैकी वर.

पाण्याचं पहिलं तोंड बघण्यासारखं असतं, लांबून. स्वच्छ पाणी येतच नाही आधी, आधी येतो काटक्या, प्लास्टिक, बकऱ्यांच्या लेंड्या, फेस आणि चिखल यांचा बांध, तो पुढे ढकलत मागून पाणी. आवाज आधी येतो, दगडांवर दगड आपटल्याचा. आणि तुम्ही उभे असता तिथे ऊन पडलेलं असतं, कारण पाऊस वीस-तीस किलोमीटर वर डोंगरात झालाय. उन्हाळ्यात हजर पर्वतावर दुपारी ढग जमतात, एखाद्याच खोऱ्यावर बदाबदा कोसळतात आणि शेजारच्या खोऱ्यात थेंब नाही. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे ढगांचे पट्टे असतात ते जरा पसरट पाऊस देतात. आणि तिसरा प्रकार म्हणजे अरबी समुद्रातली चक्रीवादळं, मे-जून किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. 2007 च्या जूनमध्ये गोनू आलं तेव्हा मस्कतच्या आतल्या वाद्यांनी रस्ते, पूल, पाण्याच्या लाइनी सगळं उखडलं, पन्नासच्या आसपास माणसं गेली. 2021 च्या ऑक्टोबरमधल्या शाहीनने अल खाबूरा भागात 24 तासांत 300 मिलिमीटरच्या वर पाऊस टाकला, तिथला काही वर्षांचा कोटा एका दिवसात.

एक गोष्ट आपल्या नद्यांच्या अगदी उलट आहे आणि इंजिनियर लोकपण सुरुवातीला यात गोंधळतात. कृष्णा खाली जाईल तशी मोठी होते, कारण उपनद्या मिळत जातात. वादी डोंगरातून बाहेर पडली की खाली जाईल तशी लहान होत जाते. पात्रातली खडी पाणी पिते. डोंगराच्या तोंडाशी धडकी भरवणारा लोंढा पंचवीस किलोमीटर खाली गेल्यावर गुडघाभर होतो, कधीकधी समुद्रापर्यंत पोचतच नाही, मध्येच संपतो. ओमानच्या आतल्या बाजूला उतरणाऱ्या काही वाद्या तर समुद्राकडे जातच नाहीत, त्या वाळवंटाकडे जाऊन उम्म अस् समीम नावाच्या प्रचंड खाऱ्या दलदलीच्या दिशेने विरून जातात. डिझाइन करताना या झिरपण्याला आम्ही वहनातला तोटा म्हणतो, पण तोटा कसला, तोच तर त्या देशाचा पाण्याचा बँक बॅलन्स आहे.

आणि इथेच भावाच्या फोटोंचं उत्तर आहे. वरचं पाणी गेलं तरी खडीखालचं पाणी हळूहळू सरकत राहतं, महिनोन्महिने. कुठेतरी खालचा कठीण खडक वर येतो, किंवा दरी चिंचोळी होते, मग त्या पाण्याला जायला जागा राहत नाही आणि ते उघड्यावर येतं, डोह होतो. दोनशे मीटर खाली परत खडीत गडप. वादी शाब, वादी तीवी, वादी बनी खालिद या टुरिस्ट लोकांच्या सगळ्या आवडत्या जागा अशाच. चुनखडकातून येणारं पाणी असल्यामुळे तो हिरवा-निळा रंग. भावाला विचारा, पाय पाण्यात सोडले की बारीक मासे येऊन चावतात का, ते गारा जातीचे मासे, पाऊस नसताना याच डोहांत जीव धरून असतात. कडेला कण्हेर फुललेली दिसेल, आपल्याकडच्या कण्हेरीची सख्खी, आणि तशीच विषारी, तिच्या काटक्यांवर चहा उकळायचा नाही. तिथेच सिद्रपण दिसेल, म्हणजे बोरीच्या जातीचं झाड. आणि वादीच्या काठाला सपाटीवर जे घाफ नावाचं झाड दिसतं ती आपली शमी, दसऱ्याच्या गोष्टीतली, पांडवांनी शस्त्रं ठेवली ती. मुळं फार खोल जातात, म्हणून जिथे घाफ रांगेत उभे आहेत तिथे खाली पाणी आहे असं समजायला हरकत नाही, आमच्याकडे महागडी यंत्रं यायच्या आधी लोक हेच बघत होते.

या खालच्या पाण्यावरच तिथली शेती उभी राहिली. फलज म्हणतात तिथल्या पाटाला, अनेकवचन अफलाज. त्याचे प्रकार तीन, त्यातला घैली प्रकार थेट वादीच्या पात्रातून पाणी उचलतो, दाऊदी प्रकार डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर घेऊन तिथून भुयारातून उताराने पाणी आणतो, आणि ऐनी झऱ्यावरून. पाच अफलाज 2006 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले, निझव्याचा फलज दारिस त्यातलाच. पाण्याची वाटणी वेळेवर असते, अर्ध्या तासाच्या हिशोबाने पाळी, दिवसा सावली बघून आणि रात्री तारे बघून मोजायचे. धुळ्याकडचे लोक हे वाचून म्हणतील की आमच्याकडे पांझरेवर फड पद्धत आहे की, बंधारा बांधायचा, पाट काढायचा, पाळीने पाणी. हो, डोकं तेच आहे. आणि भुयारातून पाणी आणायची तऱ्हा औरंगाबादच्या लोकांना नहर-ए-अंबरीमुळे माहीत आहे, मलिक अंबरने सतराव्या शतकात केलेली.

आधुनिक काळात त्याच कल्पनेवर पुनर्भरण धरणं आली. मस्कतजवळ अल खौदचं धरण 1985 चं, लांबच लांब बुटका बांध आहे, पाणी साठवून ठेवायचं नाहीच त्याला. लोंढा अडवायचा, गाळ बसू द्यायचा, मग निवळलेलं पाणी हळूहळू खाली सोडायचं म्हणजे ते खडीत मुरेल. गाळासकट सोडलं तर खडीची तोंडं बुजतात आणि सगळं समुद्रात जातं. हे सगळं कशासाठी, तर बातिना किनाऱ्यावर विहिरींमधून इतका उपसा झालाय की समुद्राचं खारं पाणी आत सरकलंय, खजुराच्या बागा वाळल्यात. मधल्या काळात गाळ काढायचं काम वेळेवर झालं नाही तर धरण असून नसल्यासारखं, आणि हा विषय आपल्याकडे पाझर तलाव बांधून विसरून जाणाऱ्यांना मी वेगळा सांगायची गरज नाही. खरं साठवणीचं मोठं धरण म्हणजे कुरियातजवळ वादी दैकाचं, क्षमता 10 कोटी घनमीटर, आपल्या भाषेत साडेतीन टीएमसी, खडकवासल्याच्या पावणेदोनपट. खडकवासला आपल्याकडे लहान धरणात मोडतं, तिथे हे मोठं. तेपण जमलं कारण वादी दैका ही ज्या थोड्या वाद्यांना वर्षभर थोडंफार पाणी असतं त्यातली आहे.

आता दुसरा भाग, चंबळच्या घळी वादी का. नाही. चंबळचे बीहड म्हणजे नदीकाठच्या मऊ गाळाच्या जमिनीला पावसाच्या पाण्याने पाडलेल्या असंख्य घळी, जमीन खात मागे मागे सरकत जाणाऱ्या. तो जमिनीची धूप होण्याचा प्रकार आहे, पुस्तकात उत्खात भूमी म्हणतात. महाराष्ट्रात बघायचं असेल तर प्रवरेच्या काठाला आणि खानदेशात तापीच्या काठाला आहेत तशा, चंबळएवढ्या नाहीत पण शेतकऱ्याच्या दृष्टीने पुरेशा. एका बीहडात शेकडो घळी, प्रत्येकीचं पाणलोट एखाद्या वावराएवढं. वादीचं पाणलोट शेकडो, कधी हजारो चौरस किलोमीटर, ती डोंगरातून निघून कुठेतरी जाऊन संपणारी एक पूर्ण नदी आहे.

'कोरडी दरी' हा शब्द वापरलात तर अजून एक घोटाळा होतो, कारण त्या नावाखाली वेगळ्याच गोष्टी येतात. इंग्लंडच्या दक्षिणेला खडूच्या टेकड्यांमध्ये कोरड्या दऱ्या आहेत, भोवती हिरवीगार कुरणं, पाऊस भरपूर, पण पाणी खडकात मुरून जातं म्हणून वर ओढाच नाही, त्या हिमयुगात जमीन गोठलेली असताना कोरल्या गेल्या. अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डोच्या कोरड्या दऱ्या तिसऱ्याच, तिथे बर्फसुद्धा टिकत नाही इतकी कोरडी हवा. दोन्ही कोरड्या, दोन्ही दऱ्या, एकही वादी नाही. एमपीएससीवाले असे पर्याय देतात कधीकधी, म्हणून सांगितलं.

मग आपल्याकडे वादीच्या जवळचं काय? माणदेशातली माण, खानापूर-विट्याकडची येरळा, कवठेमहांकाळची अग्रणी, या पर्जन्यछायेतल्या नद्या उन्हाळ्यात बघितल्या की ओमानी माणूस त्यांना बिनदिक्कत वादी म्हणेल. वाळूचं पात्र, वाळूत खड्डा केला की पाणी (म्हणजे वाळू शिल्लक ठेवली असेल तर), एखाद्या सप्टेंबरात अचानक लोंढा. फरक इतकाच की यांना पावसाळा नावाचं वेळापत्रक आहे, वादीला नाही, आणि खाली आपला बेसाल्ट आहे, तो डोंगराच्या पायथ्याच्या शंभर फूट जाडीच्या खडीएवढं पाणी धरत नाही. टोपोशीट वाचायला शिकत असाल तर सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर पाणी नसलेले ओढे काळ्या रेषेत आणि पाणी असलेले निळ्या रंगात दाखवतात, माण तालुक्याची शीट उघडून बघा, काळंच काळं.

जीव जाण्याचा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण तो वरचं सगळं कळल्याशिवाय नुसता भीती घालणारा वाटतो. जॉर्डनमधलं पेट्रा सगळ्यांना फोटोतून माहीत आहे, गुलाबी खडकातलं. तिथे जायची सिक नावाची जी चिंचोळी वाट आहे ती मुळात पाण्याची वाट आहे, वादी मूसाच्या लोंढ्याची. दोन हजार वर्षांपूर्वीच्या नबाती लोकांना हे पक्कं ठाऊक होतं, त्यांनी तोंडाशी बांध घालून डोंगरातून बोगदा खोदून पाणी दुसरीकडे वळवलं होतं. तो बांध काळाच्या ओघात पडला, कोणी लक्ष दिलं नाही, आणि 1963 च्या एप्रिलमध्ये सिकमध्ये असलेले वीसपेक्षा जास्त फ्रेंच यात्रेकरू लोंढ्यात वाहून गेले. मग बांध परत बांधला. 2009 च्या नोव्हेंबरमध्ये जेद्दाला चार तासांत 90 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला, शंभरच्या वर माणसं मेली, कारण शहर वाढत वाढत वाद्यांच्या पात्रात घुसलं होतं. 90 मिलिमीटर! मुंबईत एवढ्यावर शाळेला सुट्टीसुद्धा मिळत नाही.

आणि लिबियातलं देर्ना. 2023 च्या सप्टेंबरमध्ये डॅनियल वादळ आलं, वादी देर्नावर 1970 च्या दशकात बांधलेली दोन धरणं एकामागून एक फुटली आणि वादीच्या दोन्ही तीरांवर वसलेल्या शहराचा मधला भाग रात्रीत समुद्रात गेला. मृतांचा आकडा हजारांत. त्या धरणांची दुरुस्ती हवी हे तिथल्या अभ्यासकांनी आधी लिहून ठेवलं होतं. माझं स्पष्ट मत आहे की वादीवर पूर अडवायचं धरण बांधून देखभाल न करणं हे धरण न बांधण्यापेक्षा वाईट, कारण धरण दिसलं की खालच्या पात्रात लोक घरं बांधायला मोकळे होतात. एका ठिकाणी (गाव सांगत नाही) आमच्या टीमने नकाशावर लाल केलेल्या पट्ट्यात प्लॉट पाडलेले बघितले, विकणारा म्हणाला तीस वर्षं इथे पाणी आलेलं नाही. आलं नसेलही. शंभर वर्षांत एकदा येणारा पूर म्हणजे शंभर वर्षं वाट बघून येतो असं नसतं, दर वर्षी एक टक्का शक्यता, आणि तीस वर्षं त्या घरात राहिलात तर तो एकदा तरी येण्याची शक्यता साधारण 26 टक्के होते. जुन्या ओमानी गावांकडे बघा, घरं कायम वर, खडकावर, खजुराच्या बागा मधल्या पायरीवर, आणि पात्रात काहीच नाही. कुठल्याही मॉडेलपेक्षा मी ती रेषा जास्त मानतो. दुसरी खूण म्हणजे झाडांवर अडकलेला कचरा, घाफच्या फांदीत डोक्याच्या वर वाळलेल्या काटक्यांचा गुंता अडकलेला दिसला की समजायचं मागचं पाणी इथपर्यंत होतं, आम्ही त्याच खुणांवरून उंची मोजून पुराचा विसर्ग काढतो.

रस्त्यांवर फरशी पूल भरपूर आहेत तिथे. आपल्याकडे फरशी पूल म्हणजे गरिबीतली सोय समजतात, तिथे ते विचार करून केलेलं असतं, 300 मीटर रुंद पात्र, वर्षातून काही तास पाणी, मोठा पूल परवडत नाही आणि छोट्या मोऱ्या ठेवल्या तर मोठाले दगड आणि झाडं अडकून त्या तुंबतात आणि रस्ताच वाहून जातो. त्यापेक्षा पाणी वरून जाऊ दे, आपण थांबू. कडेला लाल-पांढरे पट्टे मारलेले खांब असतात, पाण्याची उंची बघायला. अडचण एवढीच की माणसं थांबत नाहीत, आणि यात नवे-जुने, देशी-परदेशी असा फरक मला कधी दिसला नाही. फूटभर वाहतं पाणी छोटी कार उचलतं, दोन फुटांत बहुतेक सगळ्या गाड्या जातात, फोर बाय फोरसकट. गाडी जड आहे म्हणून टिकेल हा हिशोब चुकतो कारण ती तरंगायला लागली की टायरची पकड गेली, मग वजनाचा उपयोग नाही. 2024 च्या एप्रिलमध्ये ओमानच्या समद अश् शान भागात वादीच्या पुरात शाळकरी मुलं गेली. यूएईने तर 2023 मध्ये नियमच कडक केले, वादीला पाणी असताना गाडी आत घातली तर 2000 दिरहम दंड, लायसन्सवर 23 ब्लॅक पॉइंट आणि गाडी 60 दिवस जप्त, आणि नुसतं पावसात वादीपाशी बघायला गर्दी केली तरी 1000 दिरहम. ओमानमध्ये जाणूनबुजून वाहती वादी ओलांडली तर दंडाबरोबर तुरुंगाचीपण तरतूद आहे.

तर भावाला पोहू द्या, फार सुंदर जागा आहेत त्या. फक्त निघायच्या आधी फोनवर आपण जातोय तिथलं हवामान बघून भागत नाही, सॅटेलाइट नकाशावर ती वादी वरपर्यंत बोटाने धरत जायचं, कुठल्या डोंगरातून येते ते बघायचं आणि तिथला अंदाज बघायचा. चिंचोळ्या भागात आत शिरताना वर चढता येईल अशा जागा हेरून ठेवायच्या. तंबू पात्रातल्या मऊ वाळूवर टाकायचा मोह होतो, काठावर दगड टोचतात, तरी काठावरच टाकायचा, आणि गाडी परत जायच्या रस्त्याच्या बाजूला लावायची, म्हणजे मध्ये वादी आली तर गाडी पलीकडे आणि आपण अलीकडे असं होत नाही. पाणी अचानक गढूळ झालं किंवा काटक्या वाहत यायला लागल्या तर कपडे, डबे, चपला काही गोळा करत बसायचं नाही, आहे तसं वर चढायचं. अडकलातच तर पाणी ओसरायला बहुतेक वेळा काही तासच लागतात, त्यामुळे गाडीत जास्तीचं पाणी आणि खाण्याचं काहीतरी असलं की झालं.